मेदाच्या कणात लपवलेले औषध

२०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील अनेक घरांनी एक अवघड नाव पाठ केले : लायपोसोमल अॅम्फोटेरिसिन बी. करोनातून उठलेल्या, विशेषतः मधुमेही रुग्णांना म्युकरमायकोसिसने गाठले आणि या इंजेक्शनसाठी नातेवाईक गावोगावची औषध-दुकाने पालथी घालू लागले. टंचाई एवढी, की राज्याराज्यांत वाटप केंद्र सरकारला ठरवावे लागले. या औषधाच्या भारतीय इतिहासात बिमलकुमार बच्छावत हे नाव ठळकपणे येते, हे त्या धावपळीत फार थोड्यांना ठाऊक होते.

बच्छावत हे आडनाव ओसवाल वाचकांच्या ओळखीचे. बिमलकुमारांचा जन्म १९२५ चा, कोलकात्याचा. हिशेबाच्या वहीऐवजी त्यांनी जीवरसायनशास्त्र जवळ केले आणि ते अमेरिकेला गेले. तेथे माइनर कून यांच्यासह केलेल्या कामातून, १९५५ च्या सुमारास, एचएमजी-कोए या संयुगाचे शरीरातील विघटन उलगडले. आज कोलेस्टेरॉलसाठी रोज रात्री जी स्टॅटिनची गोळी घेतली जाते, ती याच संयुगापासून पुढे होणारी कोलेस्टेरॉलची घडण रोखते.

परत आल्यावर त्यांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात मेंदूच्या रसायनशास्त्राची प्रयोगशाळा उभी केली. तेथे मुलांचा एक भीषण आजार त्यांच्यासमोर आला. चालते-बोलते मूल हळूहळू चाल गमावते, मग वाणी. अमेरिकन मेंदूविकारतज्ज्ञ जेम्स ऑस्टिन यांच्यासह १९६३ मध्ये त्यांनी दाखवले, की अशा रुग्णांत अॅरिलसल्फाटेज-ए या विकराची उणीव असते. कारण सापडले, पण आईबापांना त्याचा उपयोग काय? उणे असलेले विकर बाहेरून द्यावे, तर ते योग्य पेशीपर्यंत पोहोचवायचे कसे, हा प्रश्न या विषयाच्या प्रत्येक अभ्यासकापुढे होता.

इंग्लंडमध्ये अॅलेक बँगहॅम यांनी १९६० च्या दशकात पाहिले होते, की लेसिथिनसारखी स्निग्ध द्रव्ये पाण्यात मिसळली की आपोआप सूक्ष्म पिशव्या बनतात. याच लायपोसोम. (लेसिथिन अंड्यातूनही मिळते आणि सोयाबीनमधूनही, आपल्या वाचकांना पडणारा प्रश्न म्हणून येथे नोंदवले.) या पिशव्यांत विकर भरून ते यकृताच्या पेशींपर्यंत नेण्याचे प्रयोग बच्छावत आणि त्यांचे विद्यार्थी अवधेश सुरोलिया यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केले. कोलकात्याच्या संस्थेचे संचालकपद आणि त्यानंतर दिल्ली विद्यापीठाचा दक्षिण परिसर, असा प्रवास होत असताना हा धागा त्यांनी सोडला नाही.

धागा शेवटी जुळला तो बुरशीच्या औषधाशी. अॅम्फोटेरिसिन बुरशीच्या पेशीपटलातील अर्गोस्टेरॉलला चिकटते आणि त्या पटलाला भोके पाडते. आपल्या पेशींतील कोलेस्टेरॉल त्याचेच जवळचे नातलग, म्हणून औषध थोडेफार आपल्यावरही उलटते; मूत्रपिंडे धोक्यात येतात. मेदाच्या पिशवीत बसवले, की हा उपद्रव बराच कमी होतो. १९८० च्या दशकाअखेरीस बच्छावतांच्या गटाने उंदरांतील अॅस्परजिलोसिसवर हे तपासले. अहिंसा मानणाऱ्या मनाला हा उल्लेख सलेल. पण तो गाळून ही हकिगत सांगणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही.

रुग्णांपर्यंतचा मार्ग मुंबईतून गेला. परळच्या केईएम रुग्णालयात आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीच्या गटाबरोबर हे देशी औषध घडवले. बुरशीजन्य आजारांत आणि काळ्या आजारात वापरून पाहिले. परदेशी लायपोसोमल औषध तेव्हा बहुतेक भारतीय रुग्णांच्या ऐपतीपलीकडचे होते. बाजारात दोन रुपये कमी भावाचा अर्थ काय असतो, हे व्यापाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. येथे त्या फरकावर उपचार पुरा होणे अवलंबून होते.

बच्छावतांना १९९० मध्ये पद्मभूषण मिळाले. १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले. ‘फंगिसोम’ या नावाने औषध बाजारात आले ते त्यानंतर. आयात औषधापेक्षा त्याची एक कटकट अधिक होती : रुग्णाला देण्यापूर्वी कुपी ध्वनिलहरींच्या छोट्या यंत्रात ठेवावी लागे, म्हणजे आतले मेदकण बारीक होत.