चाकोरी न सोडता: चांगथांगच्या थंड वाळवंटात

लेहहून सिंधूच्या काठानं उगमाच्या दिशेनं निघालं की कारू, उपशी, चुमाथांग, माहे अशी गावं एकामागून एक येतात, त्यांच्यामधलं अंतर वाढत जातं, आणि मग चांगथांग सुरू होतं. तिबेटच्या पठाराचं हे भारतात आलेलं टोक. बहुतेक भूभाग 4,200 मीटरच्या वर, झाड जवळजवळ नाहीच, आणि नजर पोचेल तिथपर्यंत उघडे डोंगर. गेल्या पंधरा-वीस वर्षांत इथले रस्ते इतके सुधारले की पुण्या-मुंबईचा माणूस स्वतःच्या गाडीनं त्सो मोरीरी, हानले, उमलिंग ला अशी फेरी आठ-दहा दिवसांत उरकून येतो. त्यात गैर काही नाही. पण या फेरीत जे बिघडतं, म्हणजे प्रवाशाची तब्येत, दलदलीतलं गवत, पक्ष्यांची घरटी, चांगपांची कुरणं, त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच समजूत असते: ही जमीन रिकामी आहे, म्हणून इथे गाडी कुठेही आणि कितीही वेगानं नेली तरी बिघडण्यासारखं काही नाही. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. चांगथांगमध्ये वापरात नसलेली जागा फार थोडी आहे, आणि म्हणून हा प्रदेश खरोखर पाहायचा असेल तर चाक मळलेल्या वाटेवरच राहिलं पाहिजे. वाट सोडायची ती पायांनी.

सुरुवात पाण्यापासून करावी लागते. मुख्य हिमालयाच्या रांगा मोसमी वाऱ्यांना अडवतात आणि लेहच्या वाट्याला वर्षाकाठी जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस-बर्फ येतं. महाबळेश्वरला 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपण ज्याला कायमचा दुष्काळी म्हणतो त्या माण-खटावलाही लेहच्या चौपटीहून जास्त. एवढ्या थोड्या पाण्यावर सगळी जमीन जगू शकत नाही. बर्फ वितळून येणारं पाणी जिथे साचतं किंवा झिरपतं तिथल्या अरुंद पट्ट्यातच गवत उगवतं, आणि पठारावरची जवळपास सगळी वर्दळ त्याच पट्ट्यात गोळा होते. काळ्या मानेचा क्रौंच हा लडाखचा राज्यपक्षी, भारतातली त्याची वीण मुख्यतः इथेच होते, आणि घरटं करतो तो पाणथळीतल्या गवतात किंवा एखाद्या इवल्या बेटावर. अंडी बहुधा दोन. पट्टकदंब हंसांची वीणही इथल्या तळ्यांच्या काठी. त्सो मोरीरीला 2002 मध्ये आणि त्सो कारला 2020 मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला तो यासाठीच. आता गाडीतून उतरलेल्या माणसाला तंबू ठोकायला, फोटो काढायला, मौज म्हणून ओढ्यातून गाडी काढायला कुठली जागा आवडते? तीच. सपाट, हिरवी, पाण्याजवळची. म्हणजे हजारो चौरस किलोमीटरच्या पठारावर माणूस आणि पक्षी नेमके त्याच मूठभर जागेसाठी समोरासमोर येतात. इतक्या अफाट मुलुखात चार गाड्यांनी काय होणार, हा प्रश्न म्हणूनच गैरलागू ठरतो. गाड्या सगळ्या मुलुखात पसरत नाहीत. 2022 मध्ये पँगाँग तळ्याच्या पाण्यात मोटार घालून केलेल्या धिंगाण्याची चित्रफीत देशभर फिरली आणि लोक संतापले; पण काठच्या गवतावरून रोज जाणाऱ्या गाड्यांचं कुणी चित्रण करत नाही, आणि नुकसान मोजायचं तर ते तिथे जास्त आहे.

कोरड्या उतारांची गोष्ट वेगळी असेल असं वाटतं, पण तिथेही जमीन तितकीच नाजूक आहे. बुर्त्से नावाचं दवण्याच्या कुळातलं खुरटं झुडूप, काटेरी कॅरागाना, आणि आणखी वर गेल्यावर जमिनीला चिकटून वाढणाऱ्या उशीसारख्या गोल वनस्पती. लडाखमध्ये 6,000 मीटरच्या वरही फुलझाडं नोंदली गेली आहेत. वाढीचा हंगाम वर्षातून दोन-तीन महिन्यांचा, तेव्हा हातभर रुंदीच्या गाठोड्याचं वय कित्येक दशकांचं असू शकतं. त्यावरून चाक गेलं की ते दशकांचं काम तिथेच संपतं. शिवाय चाकानं दाबलेली बारीक माती पाणी शोषत नाही. वितळलेलं बर्फ त्या दोन रेघांतून वाहू लागतं आणि रेघेची घळ होते. मागून येणारा चालक घळ चुकवायला शेजारून गाडी काढतो, तिथे तिसरी-चौथी रेघ उमटते. एकाच ठिकाणी समांतर धावणारे आठ-दहा माग दिसतात ते असे तयार होतात. वाळवंट जखमा किती काळ जपतं याचं प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतलं आहे: दुसऱ्या महायुद्धात जनरल पॅटन यांनी कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात सैन्याच्या सरावाचं केंद्र उभारलं होतं, आणि तिथे उमटलेले रणगाड्यांचे माग ऐंशी वर्षांनंतरही ओळखू येतात. चांगथांग तर त्याहून थंड.

आणि माणसं. रुपशू, खारनाक, कोरझोक इथले चांगपा पशुपालक याकच्या केसांच्या रेबो तंबूंतून राहतात आणि ऋतूप्रमाणे तळ हलवतात. कुठल्या कुरणात कुणी किती दिवस चारायचं हे गावाचा गोबा, म्हणजे मुखिया, ठरवून देतो. जुलैत मोकळी दिसणारी दरी ही बरेचदा हिवाळ्यासाठी राखून ठेवलेली चराई असते. उणे 30 अंशांच्या थंडीत इथल्या शेळीच्या अंगावर 12 ते 15 मायक्रॉन जाडीची पश्म, म्हणजे तलम लोकर, येते. तीच उन्हाळ्याच्या तोंडाशी विंचरून काढली की वर्षाची कमाई हातात येते. त्या शेळीला बर्फाच्या महिन्यांत जगवणारं गवत म्हणजे राखलेली कुरणं. 1962 नंतर हिवाळी कुरणांपैकी काही सीमेपलीकडे गेली, तिबेटमधून आलेल्या निर्वासितांची जनावरंही याच गवतावर आली, आणि 2013 च्या हिमवर्षावात हजारो शेळ्या चाऱ्याअभावी मेल्या. हिशेब इतका काठावरचा असताना गाडीखाली गेलेला गवताचा पट्टा हे किरकोळ नुकसान राहत नाही.

जमीन रिकामी असल्याची हीच समजूत प्रवाशाच्या स्वतःच्या शरीरावरही उलटते. मध्ये काही नाही म्हटल्यावर अंतर कापणं एवढंच काम उरतं, आणि मग उंची हे गिर्यारोहकांचं प्रकरण वाटू लागतं. वैद्यकाचा सर्वमान्य सल्ला असा की 3,000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची दररोज फार तर 500 मीटरनं वाढवावी. मनाली साधारण 2,050 मीटरवर आणि सरचूचे तंबू 4,300 च्या आसपास. पहिल्याच रात्री तिथे झोपणाऱ्यांचं डोकं का ठणकतं हे सांगायला डॉक्टर लागत नाही. विमानानं थेट 3,500 मीटरवरच्या लेहला उतरणाऱ्यांनी दोन दिवस स्वस्थ राहायचं असतं, तेही सुट्टी वाया जाते म्हणून टाळलं जातं. उमलिंग ला ही खिंड 19,024 फुटांवर. 2021 मध्ये गिनीजनं त्याला जगातला सर्वांत उंच मोटाररस्ता म्हणून प्रमाणपत्र दिलं. सीमा रस्ते संघटनेनं तो बांधला हे अभियांत्रिकीचं मोठं काम आहे, यात शंका नाही. पण तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो, आणि पाटीजवळ फोटोसाठी रांग लावणाऱ्यांत बरेचजण पाच दिवसांपूर्वी समुद्राकाठी असतात. आकड्यांची ही हौस जुनीच म्हणा. खारदुंग ला वरची पाटी अनेक वर्षं 18,380 फूट सांगत होती. नीट मोजल्यावर खिंड 17,600 च्या आसपास निघाली. तिथला फोटो घेऊन आलेल्यांच्या आनंदात त्यानं काही उणं झालं नाही.

आता आक्षेप. पहिला असा की लष्कराच्या ट्रकांची वाहतूक पर्यटकांपेक्षा कितीतरी जड असते, आणि शेळ्यांचे हजारो खूर रोज त्याच गवतावर पडतात. मग बोल फक्त हौशी चालकाला का? यात तथ्य आहे. चराईचा ताण खरा आहे. तिबेटी चिंकारा लडाखमध्ये हानलेच्या परिसरात जेमतेम काही डझन उरला, त्यामागे पाळीव जनावरांशी चाऱ्यासाठी होणारी स्पर्धा हे एक मोठं कारण मानलं जातं. पण सीमेवरचं लष्कर आणि गवतावर जगणारा गुराखी यांना दुसरा पर्याय नाही, पर्यटकाला आहे. आणि तो पर्याय महागही नाही: डांबर किंवा मळलेला माग सोडायचा नाही, ओढा ओलांडायचा तर सकाळी, कारण दुपारी वितळलेल्या बर्फानं पाणी चढतं, आणि कचरा लेहपर्यंत परत आणायचा. शेवटची गोष्ट केवळ स्वच्छतेची नाही. छावण्यांच्या उष्ट्यावर वाढलेली मोकाट कुत्री क्रौंचाच्या पिल्लांचा मोठा शत्रू झाली आहेत.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे. बंधनं घातली तर पर्यटक येणार नाहीत आणि गावं उपाशी राहतील. त्याला हानलेनं दिलेलं उत्तर मला सर्वांत पटतं. तिथे भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा 4,500 मीटरवर आहे. तिची 2 मीटर व्यासाची दुर्बीण बंगळुरूजवळच्या होसकोटेहून चालवता येते. अलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्रानं, म्हणजे आपल्या तुर्भ्याच्या मंडळींनी, 21 मीटर व्यासाची मेस ही गॅमा किरणांची दुर्बीणही तिथे उभारली. वेधशाळेला काळोख हवा. म्हणून 2022 मध्ये सुमारे 1,073 चौरस किलोमीटरचा कृष्णाकाश राखीव प्रदेश जाहीर झाला, रात्रीच्या दिव्यांवर आणि गाड्यांच्या प्रखर झोतांवर बंधनं आली, आणि त्याच वेळी गावातल्या चोवीस जणांना आकाशदर्शनाचं प्रशिक्षण आणि दुर्बिणी देण्यात आल्या. आज पर्यटक हानलेला रात्रीचा मुक्काम करतात, यजमानाच्या अंगणात तारे पाहतात, आणि पैसे गावात राहतात. उमलिंग ला गाठून लगेच परतणारी गाडी गावाला चहाच्या किमतीपलीकडे फारसं काही देत नाही.

तिसरा आक्षेप साहसवाल्यांचा: वाट सोडल्याशिवाय शोध कसला? पण गाडीतून या पठारावर दिसतं काय, तर क्यांग, म्हणजे तिबेटी रानगाढवं, बाजूनं पळताना. ते पळणं बघायला गंमत वाटते. 4,500 मीटरवर त्या जनावराला काय खर्ची घालावं लागतं हे गाडीतल्याला कळत नाही. गाडी कोरझोकला उभी करून तीन दिवस स्थानिक वाटाड्याबरोबर चालणाऱ्याला मार्मोटची बिळं, चांगपांचे सोडलेले तळ, उतारावरचा भरल सगळं सापडतं. राहिली सुट्टीची अडचण. आठच दिवस असतील तर पहिले दोन लेहला काढावेत, पुढे कोरझोक किंवा हानले यांपैकी एकच निवडावं, आणि उमलिंग ला यादीतून सरळ काढून टाकावा.