बैलगाडीतून आलं विमानाचं पेट्रोल

आमची शाळा बारामती तालुक्यात, उसाच्या फडांच्या मधोमध. बारामतीला विमान चालवायचं शिक्षण मिळतं, त्यामुळे शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं दिवसातून कितीतरी वेळा शाळेवरून घरघरत जातात. पहिलीतली मुलं अजून हात करतात. चौथीतली मोठी झाल्यामुळे हात करत नाहीत, पण मान मात्र वर जातेच.

एके दिवशी भागाकार चालू असताना तिसरीतल्या एका पठ्ठ्याने खिडकीतून बघत विचारलं, "बाई, ह्याचं पेट्रोल संपलं तर? वर तर पंपच नाही!"

सगळा वर्ग हसला. मी पण हसले. पण बालमित्रांनो, प्रश्न काही हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. विमानाच्या सुरुवातीच्या काळात भल्याभल्यांना ह्याच प्रश्नानं घाम फोडला होता. कारण तेव्हा वर तर सोडाच, खालीसुद्धा पंप नव्हते!

त्या दिवशी भागाकार तसाच राहिला आणि मी मुलांना १९३२ सालची गोष्ट सांगितली.

तेव्हा इंग्लंडहून येणारं विमानाचं टपाल कराचीला उतरायचं. कराची आज पाकिस्तानात आहे, तेव्हा ती आपल्याच देशात होती. तिथून पुढे मुंबई आणि मद्रासपर्यंत हे टपाल विमानानं न्यायचं असं जे. आर. डी. टाटा आणि त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ठरवलं. जे. आर. डी. तेव्हा २८ वर्षांचे होते. भारतात देण्यात आलेला वैमानिकाचा पहिला परवाना त्यांचाच, १० फेब्रुवारी १९२९ चा. दोघांकडे मिळून विमानं होती दोन, 'पुस मॉथ' जातीची. एक इंजिन, वैमानिक धरून जेमतेम तिघं मावतील एवढी जागा. मुंबईचा विमानतळ म्हणजे जुहूचं सपाट मैदान. पावसाळ्यात तिथे नुसता चिखल व्हायचा. त्यामुळेच सप्टेंबरमध्ये ठरलेलं पहिलं उड्डाण महिनाभर पुढे गेलं.

शेवटी १५ ऑक्टोबर १९३२ ला सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जे. आर. डी. कराचीहून एकटेच निघाले. सोबत टपालाची थैली, वजन ५५ पौंड, म्हणजे २५ किलो. वाण्याकडच्या गव्हाच्या अर्ध्या पोत्याएवढी. जमिनीवरच्या माणसांशी बोलायला रेडिओ नाही. वाटेत कच्छचं रण, तिथे खाली उतरावं लागलं तर मदतीला येणार कोण?

कराची ते अहमदाबाद हे अंतर सरळ रेषेत सुमारे ६०० किलोमीटर. तिथे थांबून पेट्रोल भरायचं आणि मग मुंबई गाठायची, असा बेत. जे. आर. डी. अहमदाबादला उतरले आणि 'बर्मा शेल' कंपनीचं पेट्रोल आलं. कशातून आलं असेल? बैलगाडीतून! गाडीत चार चार गॅलनचे पत्र्याचे डबे. चाकांचा करकर आवाज, बैलांच्या गळ्यात कदाचित घुंगरं असतील, आणि समोर त्या काळचं सगळ्यात नवीन वाहन तहानलेलं उभं!

चार गॅलन म्हणजे सुमारे १८ लिटर. तुमच्या आजीला विचारा, असा चौकोनी डबा तिला नक्की आठवेल. रॉकेल त्याच मापाच्या डब्यातून यायचं. रिकामा झाला की कुणी त्यात पाणी भरायचं, कुणी धान्य ठेवायचं. माझ्या आजीच्या दारची तुळस कितीतरी वर्षं तसल्याच गंजक्या डब्यात होती.

"बाई, किती डबे लागले असतील?" वर्गातून प्रश्न आला. म्हटलं, काढा हिशेब! विमान ताशी १६० किलोमीटर गेलं असं धरू आणि तासाला २५ लिटर पेट्रोल प्यायलं असं धरू. मुलांनी उत्तर काढलं: पावणेचार तास, सुमारे ९४ लिटर, म्हणजे पाच डबे आणि वर थोडं. (घ्या, राहिलेला भागाकार असा वसूल झाला!) पेट्रोल भरलेला एक डबा साधारण १३ किलोचा. पुस मॉथच्या टाक्या पंखांत आणि पंख डोक्यावर. म्हणजे प्रत्येक डबा उचलून वर चढवायचा आणि ओतायचा.

ओतायचा म्हणजे नुसता भडाभडा नाही हं. इथे खरी मेख आहे, आणि ती मला लहानपणीच कळली आहे.

माझ्या वडिलांकडे लुना होती. तेव्हा गावातल्या दुकानात पेट्रोल बाटलीत मिळायचं. एकदा त्यांनी मला बाटली आणायला सांगितली. बाटली मळकट होती म्हणून मी शहाणपणानं ती विसळली आणि तशीच, ओलीच, पुढे केली. वडील पेट्रोल भरून तालुक्याला निघाले आणि ओढ्यापाशी लुना बंद पडली ती पडलीच. चार किलोमीटर ढकलत आणली त्यांनी. मेकॅनिकनं कार्ब्युरेटर उघडला तर आत पाण्याचे टपोरे थेंब. वडील मला काही बोलले नाहीत. पण बाटली विसळणारी कोण, हे दोघांनाही माहीत होतं.

पाणी पेट्रोलपेक्षा जड. ते टाकीच्या तळाशी जाऊन बसतं, आणि इंजिनाकडे जाणारी नळी असते खालच्याच बाजूला. म्हणजे इंजिनाला आधी पाणी मिळणार! लुना बंद पडली तर ढकलता येते. विमान कुणी ढकलायचं?

आणि डब्यात पाणी शिरायला कुणी विसळावंच लागतं असं नाही. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून थेंब येतात ना? तसेच अर्धवट भरलेल्या डब्यात रात्रीच्या गारव्यानं आतून थेंब धरतात. शिवाय गंज आणि धूळ वेगळीच. म्हणून त्या काळचे वैमानिक पेट्रोल गाळून घ्यायचे. युरोपच्या डोंगरांत शॅमॉय नावाचा बकरीसारखा प्राणी असतो. त्याच्या मऊ कातड्याचा तुकडा नरसाळ्यात बसवायचा. ते कातडं पेट्रोलनं भिजलं की पेट्रोल झिरपत खाली जातं आणि पाण्याचे थेंब वरच अडकतात. काम मात्र फार सावकाश चालतं. डब्यामागून डबा, कपामागून कप. दिवसभर विमान चालवून थकलेल्या माणसानं हे करायचं.

अ‍ॅमी जॉन्सन नावाची इंग्लंडची २६ वर्षांची मुलगी मे १९३० मध्ये एकटी विमान घेऊन ऑस्ट्रेलियाला गेली. वाटेत कराचीहून अलाहाबादला निघाली, तर समोरच्या वाऱ्यानं तिचं पेट्रोल संपत आलं आणि तिला झाशीला पलटणीच्या कवायतीच्या मैदानावर उतरावं लागलं. विमानाचा पंख मोडला, तो दुरुस्त करून ती पुढे गेली आणि २४ मे ला ऑस्ट्रेलियात पोचली. आमच्या वर्गातल्या मुलींना ही गोष्ट तीनदा सांगावी लागली.

बैलगाडीतल्या त्या पत्र्याच्या डब्यांची आणखी एक खोड होती. पत्रा पातळ, सांधे कच्चे. जरा आदळआपट झाली की गळती सुरू. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेच्या वाळवंटात इंग्रजांचं कितीतरी पेट्रोल ह्या डब्यांतून वाळूत मुरलं. जर्मनांकडे मात्र २० लिटरचा भक्कम कॅन होता. इंग्रजांना तो हाती लागला तेव्हा त्यांनी सरळ त्याची नक्कल केली. इंग्रज सैनिक जर्मनांना 'जेरी' म्हणायचे, म्हणून हा झाला जेरीकॅन. जीपच्या मागे टांगलेला तुम्ही पाहिला असेल. त्याला एकाऐवजी तीन मुठी का असतात, सांगा बघू? मधली मूठ एकट्यानं उचलायला. बाजूच्या दोन असल्यामुळे दोघं मिळून भरलेला कॅन धरू शकतात, आणि रिकामे दोन कॅन शेजारी धरले तर एका हातात दोन मावतात. शिवाय वरच्या फुगीर भागात थोडी हवा राहते. उन्हानं पेट्रोल फुगलं तर त्याला जागा हवी ना!

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं जुनं झालं. तसं नाही. परदेशात आजही हौशी वैमानिक आपल्या छोट्या विमानासाठी गाडीच्या पंपावरून कॅनमध्ये पेट्रोल भरून नेतात. शेतातल्या धावपट्टीवर पंप कुठून असणार? काही छोटी इंजिनं मोटारीच्या पेट्रोलवर चालतात. पण त्यांना आता नवी काळजी आहे, इथेनॉलची. ते पाणी शोषून घेतं आणि काही टाक्यांचं रबर, नळ्या खराब करतं. म्हणून ते एक सोपी परीक्षा करतात. खुणा केलेल्या काचेच्या नळीत थोडं पाणी घेतात, वर पेट्रोल ओततात, हलवतात आणि थांबतात. पाण्याची पातळी होती तिथेच राहिली तर ठीक. पाणी 'वाढलं' तर समजायचं, पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्यात उतरलं. आपल्याकडे पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते आपल्या उसापासूनही बनतं, हे ऐकून आमची मुलं एकदम ताठ बसली!

पालकांना एक विनंती. हा प्रयोग घरी होऊ देऊ नका. पेट्रोल ओतताना नुसत्या घर्षणानं वीज साठते, जशी हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचटते. एक ठिणगी पुरते. म्हणूनच विमानात पेट्रोल भरताना आधी विमान आणि पेट्रोलचं भांडं तारेनं जोडून घेतात आणि प्लॅस्टिकचं नरसाळं टाळतात. आपल्या पंपावर बाटलीत पेट्रोल देत नाहीत म्हणून कर्मचाऱ्याशी भांडूही नका.

आणखी एक गंमत सांगायची राहिली. मोठ्या प्रवासी विमानांत पेट्रोल नसतंच. त्यांच्या जेट इंजिनांना लागतं ते रॉकेलचंच शुद्ध भावंड. पिस्टनच्या छोट्या विमानांचं खास पेट्रोल वेगळं, त्यात मुद्दाम निळा रंग घातलेला असतो. का, तर एकाचं दुसऱ्यात भरलं जाऊ नये म्हणून. आणि उड्डाणाआधी वैमानिक टाकीच्या तळातून थोडं इंधन पारदर्शक नळीत काढून उजेडात धरतो. खाली पाण्याचा बुडबुडा दिसतोय का, बघायला. आमच्यावरून जाणाऱ्या विमानांनाही हे चुकलेलं नाही.

तर जे. आर. डी. त्या दिवशी दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी जुहूला उतरले. कराची सोडून सव्वासात तास झाले होते, पेट्रोल भरायचा वेळ धरून. पुढचं टपाल घेऊन व्हिन्सेंट बल्लारीमार्गे मद्रासला गेले. ह्याच टपालसेवेतून पुढे एअर इंडिया उभी राहिली. ५० वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९८२ ला, ७८ वर्षांचे जे. आर. डी. 'लेपर्ड मॉथ' ह्या जुन्या विमानातून कराची ते मुंबई पुन्हा एकटे उडाले.

गोष्ट संपली तशी मी फळ्यावर गणित घातलं. अहमदाबाद ते मुंबई ४४० किलोमीटर. बैलगाडी तासाला ४ किलोमीटर, दिवसाला ८ तास चालली, तर तेच टपाल किती दिवसांत पोचेल?

"चौदा दिवस!" चौथी ओरडली.

तिसरीतला आमचा पठ्ठ्या मात्र खिडकीबाहेरच बघत होता. म्हणाला, "पण बाई, बैलाला डबा लागत नाही. कडबा लागतो."