खरेदीची ओढ, खाण्याची ओढ: गैरसमज आणि वस्तुस्थिती

छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे वढू बुद्रुक साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. जवळच सणसवाडीचे कारखाने, पुढे रांजणगावची एमआयडीसी. महिन्याचा पगार, हातात मोबाईल आणि दारात पार्सल हे या पट्ट्यातल्या गावांनाही आता नवं नाही. म्हणूनच खरेदी आणि खाणं हाताबाहेर जाणं म्हणजे काय, हे इथल्या घरांनीही समजून घ्यायला हवं.

गैरसमज : अनावर खरेदी हा शहरातल्या हौशी बायकांचा आजार.
वस्तुस्थिती : अमेरिकेत 2006 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशी लक्षणं 6 टक्के स्त्रियांत आणि 5.5 टक्के पुरुषांत आढळली. फरक नावापुरताच. बाईची साडी डोळ्यांवर येते, पुरुषाचा तिसरा मोबाईल ‘गरज’ ठरतो, एवढंच.

गैरसमज : हे मोबाईलच्या जमान्यातलं नवं खूळ.
वस्तुस्थिती : जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच या विकाराचं वर्णन केलं होतं. मोबाईलने फक्त दुकान उशाशी आणून ठेवलं. 2022 पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणातही आवेग न आवरण्याच्या विकारांत त्याचा उल्लेख आहे.

गैरसमज : खरेदीचा आणि खाण्याचा काय संबंध?
वस्तुस्थिती : 1995 च्या एका अमेरिकी अभ्यासात अनावर खाणाऱ्या स्त्रियांमध्ये अनावर खरेदीचा कल जास्त दिसला आणि अनावर खरेदी करणाऱ्यांमध्ये अनावर खाण्याचं प्रमाण. दोन्हींची चाल सारखीच: मनावर ताण, मग घेण्याची किंवा खाण्याची ओढ, घटकाभर हलकं वाटणं, पाठोपाठ अपराधीपणा आणि लपवाछपवी. पार्सल कपाटामागे जातं, फरसाणाची पिशवी गादीखाली. अर्थात एक असलं की दुसरं असणारच, असं नाही.

अशा खरेदीत उपाशीपोटाचाही वाटा असतो. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत भुकेल्या माणसांनी कागदाला लावायच्या क्लिपासुद्धा जास्त उचलल्या. त्या जास्त आवडल्या म्हणून मात्र नव्हे. रात्रपाळी संपवून उपाशीपोटी मोबाईल उघडणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

गैरसमज : दिवाळीत हात सैल सोडला म्हणजे आजार.
वस्तुस्थिती : सणाची खरेदी, लग्नाचा बस्ता हा आपल्या जगण्याचा भाग आहे. नको असलेलं पुन्हा पुन्हा घेतलं जातं, कर्ज चढतं, घरात खोटं बोलावं लागतं आणि ठरवूनही थांबता येत नाही, तेव्हा ती धोक्याची खूण.

गैरसमज : चार दिवस कडक उपास करा, मोबाईल काढून घ्या, झालं.
वस्तुस्थिती : पोट मारलं की अनावर खाण्याचा झटका उलट बळावू शकतो. वेळेवर पोटभर जेवण, काही घेण्याआधी एक दिवस थांबणं, खर्चाची वही घरातल्या विश्वासाच्या माणसाला दाखवणं यांचा आधार होतो. विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराचा दोन्ही त्रासांत उपयोग दिसला आहे. डॉक्टरांकडे गेलात तर खरेदीबरोबर खाण्याचंही सांगा. एकच बाजू सांगितली तर उपचार अर्धे राहतात.

सरकारची ‘टेली मानस’ ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत सेवा 14416 वर मराठीतही बोलते. घरातलं कुणी यात अडकलं असेल तर ‘उधळ्या’, ‘खादाड’ म्हणू नका. लाज वाढली की लपवणं वाढतं, आणि मदत तेवढीच लांबते.