गोळी नळीतून सुटते तेव्हा

बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर .२२ रायफल बाकावर टेकवून ठेवली होती. नळीच्या थोडं पुढे क्रोनोग्राफ. अगदी तोंडाशी ठेवला तर उसळणाऱ्या वायूने यंत्र फसतं. त्याचे दोन डोळे ठरलेल्या अंतरावर असतात. गोळीची सावली पहिल्यावरून दुसऱ्यावर जायला लागलेल्या वेळावरून तो वेग सांगतो. आकडे उमटत होते: सेकंदाला ३२६ मीटर, ३२८, ३२५. आणि एकदम ३१७. पडद्यावर तो शॉट बाकीच्यांच्या खाली पडला होता. “सर, हा लॉट नको,” म्हणत नेमबाज मुलीने काडतुसांची पेटी बाजूला सारली.

ती बरोबर होती. पन्नास मीटर जायला या गोळीला सुमारे ०.१६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती साडेबारा सेंटिमीटर खाली येते. वेग दहा मीटरने घटला की आणखी सात-आठ मिलिमीटर. १०.९ गुणांचा शॉट तेवढ्यानेच १०.० वर येतो. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने ४५१.४ गुणांवर कांस्य मिळवलं, त्या अंतिम फेरीत गुण असेच दशांशात मोजतात.

वेग जास्त असण्यात इथे काही फायदा नाही. स्पर्धेची २.६ ग्रॅमची शिशाची गोळी मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली ठेवतात, कारण तो वेग वाटेत ओलांडून खाली येताना गोळी डळमळते. लांब नळीचंही तसंच. लष्करी काडतुसात दारू भरपूर, म्हणून इन्सास रायफलची गोळी सेकंदाला सुमारे ९०० मीटरने सुटते आणि तिथे नळीची लांबी कामी येते. .२२ ची चिमूटभर दारू साधारण ४०-४५ सेंटिमीटरमध्येच आपलं बळ देऊन टाकते. पुढची नळी नुसतं घर्षण वाढवते.

वेग हलतो तो बारीकसारीक कारणांनी: काडतुसाच्या कडेत भरलेलं स्फोटक, दारूचं वजन, नळीचा आतला घेर, गोळीवरचं वंगण, उन्हाने तापलेली पेटी. नुकत्याच साफ केलेल्या नळीतले पहिले काही शॉटही वेगळे जातात. म्हणून मोठे नेमबाज स्वतःची रायफल घेऊन जर्मनीतल्या कारखान्यांत लॉट तपासायला जातात आणि जमलेला लॉट एकदम साठवून ठेवतात.

मुलांसाठी महागडी नळी घेणाऱ्या पालकांनी आधी दोन-तीन लॉट असेच तपासून घ्यावेत. आणि काडतुसांची पेटी उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये.