भट्टीवरचं घर

जामसरला भातकापणी आटोपून दिवाळी झाली, की भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जाण्यासाठी मुकादमाची गाडी लागते. लहानपणी मीही त्या गाडीत बसलो आहे. त्यामुळे परदेशी नेमणुकीवरच्या नोकरदारांविषयीचं संशोधन वाचताना मला आमची भट्टीच आठवत राहिली.

ग्रीनहाउस आणि ब्यूटेल यांनी १९८५मध्ये काम आणि कुटुंब यांतल्या ओढाताणीचे तीन प्रकार मांडले : वेळेची, ताणाची आणि वागणुकीची. परदेशी नेमणुकीत ही ओढाताण वाढते. म्हणून अनेक कंपन्या घरभाडं, मुलांच्या शाळेचा खर्च, मायदेशी येण्याचं तिकीट देतात.

भट्टीवर कुटुंब सोबतच असतं. पण मजुरी हजार विटांमागे, जोडप्याला मिळून. आई पहाटेपासून चिखलात, धाकटी बहीण माझ्या कडेवर, आणि माझी शाळा बुडालेली. उचल फिटेपर्यंत काम सोडायची सोय नव्हती.

क्रिस्टिना मास्लाक यांनी अशा थकव्याची तीन अंगं सांगितली : गळून जाणं, माणसांपासून तुटणं, आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. शिमग्याला घरी आल्यावर आई दोन-दोन दिवस बोलत नसे. आम्हांला वाटे, रागावली आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये या थकव्याला आजार न म्हणता कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हटलं. म्हणजे उपायही कामाच्या व्यवस्थेतच हवा. आमच्याकडे तो दिवाळीनंतर लगेच निघणारं रोजगार हमीचं काम, वेळेवर मजुरी आणि मुलांसाठी हंगामी वसतिगृह एवढाच आहे. राज्याचा रोजगार हमी कायदा तर १९७७चा आहे.