नागीण गेली, पण आग का जात नाही?

'नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस संपला.' नागीण झालेल्या माणसाला हे कुणीतरी ऐकवतंच. माझ्या मावशीलाही ऐकवलं. ती तासगावजवळ राहते, घरची द्राक्षबाग आहे. डाव्या काखेखाली पुरळ उठलं आणि पहिले पाच दिवस दूर्वा-तांदळाचा लेप लावण्यात आणि कुणाकडून तरी नागीण 'उतरवून' घेण्यात गेले. फोड वाळले, खपल्या पडल्या, सगळ्यांना हायसं वाटलं. आग मात्र चार महिने झाले तरी तशीच. ब्लाउजचं कापड नुसतं घासलं तरी ती कळवळायची.

आधी त्या तोंड-शेपटीचं बघू. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंच्या छोट्या छोट्या गाठी असतात, त्यांत तो वर्षानुवर्षं झोपून राहतो. वय वाढलं, प्रतिकारशक्ती खाली आली की एखाद्या गाठीत तो जागा होतो आणि त्याच तंतूवरून कातडीपर्यंत येतो. उजवीकडची गाठ उजव्या अर्ध्या पट्ट्याची, डावीकडची डाव्या. म्हणून नागीण सहसा छातीच्या किंवा पोटाच्या मध्यरेषेवर थांबते. प्रतिकारशक्ती फारच कमी असेल तर पुरळ अंगभर पसरू शकतं आणि ते गंभीर असतं, पण वेढा पूर्ण झाला म्हणून कुणी मरत नाही. खरं नुकसान होतं ते उतरवण्यात गेलेल्या दिवसांचं. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून 72 तासांत सुरू झाल्या तर सगळ्यात उपयोगी. (कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड दिसले तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठा. नजरेचा प्रश्न असतो.)

पुरळ उठल्यावर तीन महिन्यांनंतरही दुखत राहिलं, तर साधारणपणे त्याला नागिणीनंतरची मज्जातंतूवेदना म्हणतात. विषाणूने तंतू जखमी केलेले असतात. असे तंतू कारण नसताना संदेश सोडत राहतात. तो मारा झेलून झेलून मज्जारज्जूही हळवा होतो आणि साध्या स्पर्शाचा निरोप वेदना म्हणून वर पाठवायला लागतो. म्हणजे मावशी 'नाटक' करत नव्हती. हे घरात समजावून सांगायला मला दोन रविवार लागले!

आता फिजिओथेरपी. 1965 मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी एक कल्पना मांडली. मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे आणि स्पर्शाचे जाड तंतू चालू असले की वेदनेच्या बारीक तंतूंसाठी ते थोडं लोटलं जातं. ठेच लागली की आपण आपोआप तिथे चोळतो, ते यामुळेच. टेन्स नावाचं छोटं यंत्र याच तत्त्वावर चालतं. कातडीवर चिकटपट्ट्या लावून सौम्य विजेच्या मुंग्या आणायच्या.

पण इथे एक गोची आहे. नागिणीच्या जागी तर स्पर्शच दुखतो. तिथेच पट्टी लावली तर आग वाढू शकते. म्हणून जाणकार फिजिओ पट्ट्या शेजारच्या निरोगी कातडीवर किंवा कण्याजवळ लावतात. मावशीला मिरजेत असंच केलं. पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय टेन्स नको. बधिर झालेल्या जागेवर गरम पिशवीचा शेक तर नकोच, भाजलेलं कळत नाही. आणि पुरावा? टेन्सवरचे अभ्यास बरेचसे लहान आहेत, निकालही एकसारखे नाहीत. त्यामुळे गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलीनसारख्या औषधांच्या जोडीने ते वापरायचं, त्यांच्या जागी नाही. औषधं सोडून नुसत्या मशीनची पॅकेजं घ्यायला सांगणारा भेटला तर सरळ उठून या.

मला स्वतःला यंत्रापेक्षा बाकीचं काम जास्त मोलाचं वाटतं. एक म्हणजे कातडीला स्पर्शाची पुन्हा सवय लावणं. मावशीने सुरुवात जुन्या रेशमी साडीच्या पदराने केली, कडेच्या न दुखणाऱ्या भागापासून, दोन-तीन मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. मग सुती कापड, मग टॉवेल. रडू येईल इतकं रेटायचं नाही. मेंदूला हळूहळू पटायला लागतं की या स्पर्शात धोका नाही.

दुसरं, खांद्याचं. कापड लागू नये म्हणून ती चार महिने डावा हात अंगापासून जरा लांब, पण न हलवता धरून होती. श्वाससुद्धा अर्धाच घ्यायची. नागिणीने खांदा धरला नव्हता, या जपण्याने धरला होता! द्राक्षबागेत तर विरळणीपासून काढणीपर्यंत हात वरच. म्हणून भिंतीवर बोटांनी चढत जायचं, रोज कालच्या खुणेपेक्षा जरा वर, आणि बरगड्या उघडतील असे सावकाश श्वास.

नागिणीची लस 2023 पासून भारतात मिळते, पन्नाशीपुढच्यांसाठी, दोन डोस. महाग आहे आणि झालेली वेदना तिने जात नाही, पण घरात साठीचे कुणी असतील तर डॉक्टरांना विचारून ठेवा.

मावशीची आग अजून गेलेली नाही. रात्रीची कमी झालीय, गोळीचा डोसही डॉक्टरांनी उतरवलाय. परवा फोनवर म्हणाली, हात घडापर्यंत पोचतोय, पण मांडवाच्या तारेला लागत नाही. भिंतीवरची खूण अजून चार बोटं वर जायची आहे.