'फॉलन' : पतित देवदूत आणि आपली मुलं

लॉरेन केट यांची 'फॉलन' ही इंग्रजी कादंबरी २००९ साली आली. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या सुधारगृहासारख्या निवासी शाळेत १७ वर्षांची ल्यूस येते. तिथला डॅनियल तिला ओळखीचा वाटतो; तो मात्र तिला झिडकारतो. का? तो स्वर्गातून पडलेला देवदूत आहे. ल्यूस पुन्हा पुन्हा जन्मते, त्याच्या प्रेमात पडते आणि मरते. म्हणून तो तिच्यापासून सत्य लपवतो.

आपल्या गोष्टींतल्या शापित यक्ष-गंधर्वांना बहुधा उःशाप तरी मिळतो. इथे शिक्षेला मुदतच दिसत नाही.

मुलांच्या हाती हे पुस्तक दिसलं तर हिसकावू नका. एवढंच विचारा : "तिच्या भल्याची गोष्ट तिलाच न सांगणं बरोबर आहे का?" उत्तर ऐकायची तयारी मात्र ठेवा. मुलांच्या भल्यासाठी आपणही बरंच काही लपवतोच की!